आत जा, असं मी म्हटलं

प्रिय आई,

भाऊंनी आतून कडी घातली आहे आणि मी ओट्यावर बसून तुला लिहिते आहे. सव्वाअकराला ते आत गेले, आता एक वाजत आलाय. गेले आठ महिने ज्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता ते आज आपल्या पायांनी आत गेले, आणि तेही माझ्यामुळे, त्यांच्या पोटच्या लेकीमुळे. दोनदा दार वाजवलं. पहिल्यांदा उत्तर आलं, "जिवंत हाय मी. जा तू." दुसऱ्यांदा तेवढंही नाही.

मी त्यांना सांगितलं, आई. जे कुणाला सांगायचं नाही म्हणून तू मला हॉस्पिटलात बजावलं होतंस, ते आज गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या देखत सांगून बसले. शब्द तुला दिला होता, मोडला मी. मग तुला कळवायला नको? पिशवीत मुलांच्या तपासायच्या वह्या होत्या, त्यांतल्याच एकीची मागची पानं फाडली आहेत. शाळेत कुणी असं केलं तर मी कान पकडते!

आपल्या घरात जग दोन तऱ्हांनी संपायचं, आठवतं ना?

तुझं जग खालून संपायचं. जमिनीच्या पोटात कुणीतरी सगळा भार घेऊन उभा आहे, दमला की खांदा बदलतो, आणि मग धरणी हलते. तुझ्या आजीने घिवलीच्या याच अंगणात तुला शिकवलं होतं, की हलली रे हलली की सगळं टाकून बाहेर पळायचं, दोन्ही तळवे मातीवर टेकायचे आणि म्हणायचं, "आमी हाव, आमी हाव." आहोत आम्ही वर, एवढं कळवायचं. कशाला गं, असं मी विचारलं तर म्हणायचीस, "वर कोन रेतं ते त्याला काय दिसतं? सांगाया लागतं. नाय सांगितलं तं एक दिवस तो खाली ठेवून देल सगळं. मंग दर्या काय, बसलाच हाय वाट बघत." एकदा डोक्याला साबण लावलेला असताना तू मला न्हाणीतून ओढून अंगणात आणलंस. मी गुडघ्यावर बसून, डोळे चुरचुरत, ओरडत होते, "आमी हाव!" आणि हललं काहीच नव्हतं, दगडी गडग्यापलीकडून ट्रक गेला होता!

भाऊंचं जग वाऱ्यातून संपायचं. सांगलीकडून आयटीआय करून इथे अणुऊर्जा केंद्रात लागलेला तो माणूस. त्यांच्या मते शेवटाला ना वास, ना रंग, ना आवाज. माणसाच्या हातून चूक होईल आणि ती वाऱ्याबरोबर गावात शिरेल. पण त्यालाही पद्धत होती! रविवारी सकाळी ते मागच्या दारी जाऊन पितळेचं ताट बडवायचे. तो आपला सायरन. मी धावत आत, खिडक्या बंद, टॉवेल ओला करून तीन घड्या घालून तावदानाच्या फटीत कोंबायचा, माजघरात जाऊन बसायचं. ते मनगटावरच्या घड्याळात बघत असायचे. तू सगळ्यांच्या शेवटी यायचीस, काखेत कोंबडी घेऊन.

"ही कशाला?" भाऊ विचारायचे.

"मंग तिला काय सायरन नाय?"

एका रविवारी तुझा संयम सुटला. "तुमच्या या बंद खोलीत गुदमरून मरन्यापेक्षा मी अंगनात मरीन. निदान वारा तरी लागंल."

"अगं, वाऱ्यातनंच तर येतंय ते!"

"येऊ दे. जमीन हलल तवा तुमी बसा टॉवेल कोंबत."

मी दोघांनाही हसायचे. मला वाटायचं, जग काही संपत नाही, तुम्ही दोघंच भांडत राहणार आहात. तेवढ्यावर माझा फार विश्वास होता.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझ्या लग्नानंतर एकदा भाऊ आणि मी बोईसरला रिक्षात बसून चाललो होतो. तिकडे डहाणूच्या बाजूला धक्के बसत होते, माणसं घराबाहेर कापड बांधून झोपत होती. भाऊ म्हणाले, "भूकंपाच्या बाबतीत तुझ्या आईचं बरोबर हाय. बाहेरच पडायचं असतं. पर तिला सांगू नको, डोक्यावर बसंल." आम्ही खूप हसलो. आणि मी खरंच सांगितलं नाही! ते वाक्य तुला हवं होतं गं. सगळं आयुष्य हवं होतं.

आता तो दिवस.

भाऊ माझ्याकडे बोईसरला होते, मोतीबिंदू काढून तिसरा दिवस. डोळ्यावर पट्टी बांधून आतल्या खोलीत पडलेले. दुपारची वेळ. एकदम धाडकन आवाज झाला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बोईसरमध्ये असा आवाज झाला की कुणी पायाखाली बघत नाही. सगळे कारखान्यांच्या चिमण्यांकडे बघतात. कुठल्या कंपनीतून धूर येतोय, वारा कुठल्या बाजूचा आहे. इतकी वर्षं तिथे राहून मीही तशीच झाले आहे. जिन्यात पळापळ. वरचे भय्या ओरडत होते, "कंपनी में ब्लास्ट हुआ है, गैस आएगा, खिड़की बंद करो!" खालून कुणीतरी म्हणालं, "कंपनी नाही हो, प्लांट!"

प्लांट, म्हणजे भाऊंचं अणुऊर्जा केंद्र, म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. प्लांटपासून तू किती जवळ आहेस, एवढंच दिसलं. फोन लावला.

"बाय, मी अंगनात हाय," तू म्हणालीस. "हात लावलाय जमिनीला. लय जोरात हलली गो."

तू सांगितलंस, आई! हलली असं स्वच्छ सांगितलंस. जगातल्या कुठल्याही लेकीला ते ऐकू आलं असतं. माझ्या कानात पितळेचं ताट वाजत होतं.

"आत जा!" मी म्हटलं. "आधी आत जा. दारं-खिडक्या लाव, फटीत ओला टॉवेल कोंब. माजघरात बस."

तू एक प्रश्न विचारलास. मी उत्तर दिलं. मग तू गेलीस.

दहा मिनिटांत दुसरा धक्का आला आणि माजघराची मागची जुनी भिंत खाली आली. शेजारच्या मंदाकाकींनी तुला ढिगाऱ्यातून ओढून काढलं. मग हॉस्पिटलातले तुझे ते शेवटचे तीन आठवडे. जो येईल त्याला तू सांगत राहिलीस, गॅस बंद करायला आत गेले होते म्हणून. कुणी नसताना माझा हात धरून म्हणालीस, "तू फोन केल्ता ते बोलू नको कोनाला. तुला पोरं हायेत. ह्ये डोक्यात घेऊन जगशील कशी?"

आणि मी किती चटकन ऐकलं तुझं! लहानपणी कधी ऐकलं नाही इतकं.

आठ महिने मी तुझ्यावर मनातून चिडले आहे, खोटं कशाला सांगू? मला वाचवलंस, पण कुणाच्या जिवावर? कारण भाऊंना गॅसचं पटलंच नाही. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ते इथे आले आणि त्यांना तो टॉवेल दिसला. भिंत पडली होती, खिडकी उभी होती, आणि फटीत टॉवेल. तीन घड्यांचा. अशा घड्या गावात दुसरं कोण घालतं? त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी स्वतःची खाट ओट्यावर काढली. भिंत बांधून झाली, चुना लागला, तरी ते आत गेले नाहीत. मंदाकाकींचा डबा ओट्यावर, आंघोळ मागच्या दारी. मी दर रविवारी यायचे, "आत चला ना भाऊ" म्हणायचे, आणि ते म्हणायचे, "ती जन्मभर बाहेर पळत होती. मी शिकवलं म्हणून आत गेली." मी समोर बसून भाजी निवडायचे. कोथिंबिरीची एकेक काडी निवडायचे, पण तोंड उघडायचे नाही.

आज सकाळी केंद्राची दोन माणसं पत्रकं वाटून गेली. गुरुवारी गावात सराव आहे, सायरन होईल, सगळ्यांनी घरात बसायचं. दर वेळेसारख्या बायका आपल्या अंगणात जमल्या. भाऊंनी समजावून सांगायचं असतं ना! एवढी वर्षं तेच सांगत आले, तू मागून टोमणे मारत चहा द्यायचीस. आज भाऊ खाटेवर बसून राहिले. मग म्हणाले, "मला नका विचारू. माझं ऐकून आमची बाई मेली."

एकीने पदर तोंडाला लावला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचं ऐकून नाही. मी फोन केला होता. मी तिला आत जा म्हटलं."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा तो नवा डोळा फार स्वच्छ झालाय गं, त्यातून काहीच सुटत नाही. "काय म्हणालीस फोनवर? होतं तसं सांग."

मी सांगितलं. आत जा, दारं लाव, टॉवेल कोंब, माजघरात बस.

"आणि आठ महिनं मला बघत बसलीस?"

ते उठले, खाटेचा कठडा धरून चपला काढल्या, आत गेले. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बायका पांगल्या. मंदाकाकी तेवढ्या राहिल्या. म्हणाल्या, "मान्सं बोलवू? दार काडतील."

"नको काकी."

"अगो, बीपीचा मानूस तो."

"आवाज येतोय आतून. फिरताहेत."

त्या माझ्या शेजारी टेकल्या. पदराचं टोक पिळू लागल्या. मग म्हणाल्या, "एक बोलू? तुज्या आयला मी काडली ना, तवा ती शुद्धीत होती. मला म्हनाली, मंदा, आदी त्यो खिडकीतला टॉवेल काड, ह्यांना दिसाया नको. मी हो बोलली. आनि रिक्षा बोलवाच्या गडबडीत इसरली गो. साफ इसरली."

आई, मला माफ कर. मी म्हणत होते, तू फक्त माझा विचार केलास. अंगावर भिंत पडलेली असताना तू आम्हा दोघांचा विचार केलास, आणि आम्ही तिघींनी मिळून तो वाया घालवला. काकींनी एक टॉवेल विसरून, मी गप्प बसून, आणि तू... तू खोटं बोलून. हो, तूही! मी रागाने नाही म्हणत. पण भाऊंना खरं झेपणार नाही, हे कुणी ठरवलं? अणुऊर्जा केंद्रात जन्म काढलेला माणूस, ज्याने सर्वांत वाईट काय होऊ शकतं याची दर रविवारी तालीम केली! त्याला आपण काय समजलो?

आता तो प्रश्न. तो मी आज अंगणात सांगितला नाही. सांगितलं ते अर्धंच.

मी "आत जा" म्हटल्यावर तू जरा थांबलीस. मग विचारलंस, "हे असं सांगतात का?" हे म्हणजे भाऊ.

भाऊ माझ्यापासून चार पावलांवर होते. भिंतीपलीकडे. मी नुसती हाक मारली असती, फोन त्यांच्या कानाला लावला असता, तर त्यांनी पहिलं काय विचारलं असतं ते मला माहीत आहे. जमीन हलली का? आणि तू हो म्हटलं असतंस, आणि ते म्हणाले असते, तिथंच बस, हलू नको. मी हाक मारली नाही. मी म्हटलं, "हो, भाऊच सांगताहेत."

आणि तू म्हणालीस, "मंग जाते."

एवढंच. ना टोमणा, ना वाद. जन्मभर ज्यांच्या ताटाला शेवटी आलीस, त्यांचं नाव ऐकल्याबरोबर उठलीस. तुझं ते "मंग जाते" मी आठ महिने एकटीने ऐकते आहे. ते खरं तर माझं नाहीच. ते त्यांचं आहे. पण ते दिलं तर सोबत हेही द्यावं लागतं, की त्यांचं नाव मी त्यांना न विचारता वापरलं, आणि त्या नावावर तू गेलीस. त्यांना कशाने जास्त लागेल, मला कळत नाही. हे ऐकून ते पुन्हा कायमचे ओट्यावर आले तर? किंवा माझं तोंडच बघेनासे झाले तर?

आत मघापासून सामसूम होती. आता माठावरचं झाकण वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. पावलं दाराकडे येताहेत, मध्येच थांबली आहेत.

आई, आता तुला नवा शब्द देते, आणि हा मोडणार नाही. दार उघडलं की ते बसायच्या आत सांगेन. चहा आधी नाही, पाया पडणं आधी नाही, रडणं तर नाहीच. तू काय विचारलंस, मी काय खोटं बोलले, आणि तू काय म्हणून उठलीस, होतं तसं, तुझ्याच शब्दांत. ते "जा" म्हणाले तर जाईन. पुढच्या रविवारी परत येईन. पुन्हा "जा" म्हणाले तर त्याच्या पुढच्या रविवारी.

कडीला हात लागलाय.

तुझी,
वैशू