आमच्या मावशींना आपल्याकडे न पाठविण्याबाबत

प्रति,
माननीय प्रशिक्षण अधिकारी,
अन्नसुरक्षा विभाग,
दुसरा मजला, लिफ्टशेजारची खोली.

विषय : आमच्या भोजनगृहातील प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक मावशी यांना आपल्या केंद्रात शिकविण्यासाठी सोडण्यास माझी हरकत असल्याबाबत.

संदर्भ : गेल्या सोमवारी मिळालेले आपले पत्र, ज्यात 'सदर कर्मचाऱ्यास कार्यमुक्त करण्यास आपली हरकत नसल्यास तसे कळवावे' असे म्हटले आहे.

महोदय,

मी, बसथांब्यासमोरच्या भोजनगृहाचा मालक, सविनय कळवितो की माझी हरकत आहे. हरकत असल्यास काय करावे हे आपल्या पत्रात लिहिलेले नाही. ती नसणार असे धरूनच पत्र छापलेले दिसते. म्हणून वेगळ्या कागदावर हा अर्ज करीत आहे. कारणे खाली देतो.

१. सदर मावशी आमच्याकडे बावीस वर्षे भांडी घासत होत्या. मागच्या वर्षी आपल्या विभागाचा नियम आला की अन्न शिजवून विकणाऱ्या प्रत्येकाने एक प्रशिक्षित पर्यवेक्षक नेमावा आणि त्या माणसाने तीन दिवस आपल्या वर्गात बसून परीक्षा द्यावी. मी आधी आमच्या आचाऱ्यांना विचारले. ते माझे सख्खे मेव्हणे असून त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. ते म्हणाले, "पंचवीस वर्षं लोकांना जेवू घालतोय, आता मला हात धुवायला शिकवणार का?" मग पत्नीला विचारले. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मी स्वतः जाऊ शकलो असतो, पण गल्ल्यावर कोण बसणार, हे कारण मला तेव्हा फार मोठे वाटले. उरल्या मावशी. त्यांचे नाव फॉर्मवर घातले आणि सुंठीवाचून खोकला गेला असे समजून मी मोकळा झालो. मावशी वर्गात बसून येतील, प्रमाणपत्र भिंतीवर लागेल आणि आमचे जसे चालले आहे तसेच चालू राहील, असा माझा हिशोब होता. आता लपवून उपयोग नाही म्हणून खरे लिहितो.

२. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. आपली पुस्तिका माझी पत्नी त्यांना दुपारी मोठ्याने वाचून दाखवीत असे. तिसऱ्या वाचनाला पत्नी एक ओळ गाळून पुढे गेली, तर मावशींनी तिला मागे आणले. निकालात त्या पहिल्या आल्या हे आपणांस माहीत आहे. तेव्हाच आपण मला सावध करायला हवे होते, असे माझे नम्र मत आहे.

३. नेमणुकीच्या पहिल्याच सकाळी त्यांनी फ्रिजमधले कच्चे चिकन खालच्या खणात घातले, शिजवलेले सगळे वर चढविले आणि प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लावली. त्यात माझा घरून आणलेला डबाही होता. नंतर त्या शेगडीकडे वळल्या. आमचे उस्ताद ज्या पळीने रस्सा ढवळतात त्याच पळीने चाखतात आणि पळी परत पातेल्यात बुडवितात. अशी त्यांची पंचवीस वर्षांची पद्धत. मावशींनी पळी हातातून काढून घेऊन धुवायला टाकली आणि ओट्यावर लहान चमच्यांचा ग्लास ठेवला. "एक चव, एक चमचा. चाटलेला चमचा पुन्हा आत गेला तर पातेलं खाली ओतीन." उस्ताद म्हणाले, अशाने माझ्या हाताची चव जाईल. मावशी म्हणाल्या, हाताची राहू दे, तोंडाची जाऊ दे. त्या दिवसापासून उस्तादांनी तीन वेळा राजीनामा दिला आहे. तिसऱ्या वेळी मावशींनी त्यावर तारीख घालायला सांगितली, कारण आमच्या स्वयंपाकघरात तारखेशिवाय काही ठेवत नाहीत. राजीनामा तेव्हा मागे घेण्यात आला.

४. यापुढील प्रकार जास्त गंभीर आहे. एका कंपनीची ऐंशी ताटांची ऑर्डर होती. भात सकाळी लवकर होऊन मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता. आमच्याकडे तो नेहमीच असा ठेवत. अकरा वाजता मावशींनी पातेल्याच्या मध्यभागी थर्मामीटर खुपसला, घड्याळ पाहिले, नोंदवही पाहिली आणि म्हणाल्या, "चार तास कोमट पडलाय, हा भात जाणार नाही." मी हात जोडले. दिसायला मोत्यासारखा आहे म्हणालो, वास घ्या म्हणालो. त्या म्हणाल्या, "वासानं कळलं असतं तर मला तीन दिवस बसवलं कशाला?" ऐंशी माणसांचा भात माझ्या डोळ्यांदेखत फेकण्यात आला. मी मागच्या दाराशी जाऊन डोळे पुसले, हे इथे नमूद करतो. नवा भात चढला, ताटे पाऊण तास उशिरा गेली आणि कंपनीच्या साहेबांनी फोनवर माझी खरडपट्टी काढली. ऐंशीपैकी एकही माणूस आजारी पडला नाही. आधीच्या भाताने पडले असते की नाही हे आता कळायला मार्ग नाही. मावशी म्हणतात, कळलं नाही तेच बरं झालं.

५. आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये असा नियम असल्याने त्या रोज सकाळी दारातच प्रत्येकाची चौकशी करतात. माझीही करतात, आणि ती गिऱ्हाइकांसमोर. "मालक, आज पोट कसं आहे?" हा प्रश्न भरल्या हॉलमध्ये विचारला जातो. एकदा मी बरे आहे म्हणून खोटे सांगितले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून मला घरी पाठविले. घरी पत्नीला आधीच फोन गेला होता. महोदय, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी अवस्था आहे. आता तर पत्नी त्यांना आमचा घरचा फ्रिज तपासायलाही बोलावते.

६. भांड्यांचे काय, असा प्रश्न आपणांस पडला असेल. आम्हांलाही पडला. ओल्या हातांनी नोंदवही लिहिता येत नाही, हे मावशींचे म्हणणे रास्त होते. म्हणून भांड्यांच्या पाळ्या लागल्या आणि गुरुवार माझ्याकडे आला. पहिल्या गुरुवारी मी मोठे पातेले घासून दाखविले. मावशींनी कडीखाली बोट फिरवून ते परत दिले. दुसऱ्यांदा परत दिले. तिसऱ्यांदा मी खाली वाकून पाहिले, तेव्हा समजले की कडी जिथे जोडली आहे तिथे एक खाच आहे, आणि सगळी घाण तिथेच बसते. त्या खाचेत काडी घालून ती साफ करावी लागते. ते पातेले मी स्वतः विकत आणलेले आहे. बावीस वर्षे ती खाच कोणीतरी रोज साफ करीत होते, आणि ती आहे हेच मला ठाऊक नव्हते. मला लाज वाटली. हा मुद्दा अर्जाच्या कामाचा नसला तरी राहू द्यावा.

७. सगळ्यांवर कडी झाली ती आपल्याच निरीक्षकांमुळे. ते तपासणीला आले आणि डोक्याला टोपी न घालता थेट आत निघाले. मावशींनी त्यांना उंबऱ्यावर अडविले, टोपी दिली, मनगटावरचे घड्याळ काढायला लावले आणि बेसिनपाशी उभे करून वीस आकडे मोजीत हात धुवून घेतले. माझी पाचावर धारण बसली. परवाना गेला असे समजून मी गल्ल्यामागे खुर्ची धरून उभा राहिलो. पण निरीक्षक बाहेर आले ते हसतच. शेरा असा लिहिला की तो मी मोठा करून लावला आहे. त्याच शेऱ्यावरून आपले पत्र आले. म्हणजे हात दाखवून अवलक्षण ते हेच.

८. वरील सर्व त्रास पाहता अशा बाईंना मी आनंदाने सोडावे, असे आपण म्हणाल. उस्तादांनाही मी तसेच म्हटले, की घ्या, सुटलात. तर ते संध्याकाळी म्हणाले, "त्या गेल्या तर मला 'पातेलं खाली ओतीन' म्हणणारं कोण राहील?" पूर्वी आमचे एखादे गिऱ्हाईक दोन दिवस दिसले नाही की मी बसथांब्यावर जाऊन त्याला शोधायचो, आपले काही बाधले तर नाही ना म्हणून. गेल्या वर्षभरात मला तसे जावे लागलेले नाही. थोडक्यात, त्या गेल्या तर मला भीती वाटेल. माझी हरकत एवढीच आहे.

९. हा अर्ज इथवर लिहून मी मावशींना वाचून दाखविला, कारण त्यांच्या पाठीमागे पाठविणे बरे दिसले नसते. त्यांनी भाताच्या वेळेतली माझी एक चूक दुरुस्त केली. मग मी विचारले, तुम्हांला जायचे आहे का? आपण त्यांच्या नावानेही एक पत्र पाठविले होते; ते त्यांनी भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहे. ती पिशवी त्यांनी बाहेर काढली आणि म्हणाल्या, "मालक, वर्गाला पाठवलंत तेव्हा जाशील का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. नाव घातलंत, मी गेले. या कागदात मला 'आपण' म्हटलंय. तुम्ही काय लिहायचं ते लिहा, मी काही म्हणणार नाही." आणि त्या फ्रिजची नोंद करायला आत गेल्या.

१०. तरी, मुद्दा क्र. १ ते ८ मधील माझी हरकत मी या मुद्द्याने मागे घेत आहे. मावशींना पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. ज्यांना त्या शिकवतील त्यांचे हाल होतील, पण ते त्यांच्या भल्याचे असतील.

११. पर्यवेक्षक गेल्यास तीस दिवसांत दुसरा नेमावा असा आपलाच नियम आहे. या वेळी मी कोणाचे नाव न विचारता घातलेले नाही. उस्ताद मागच्या आठवड्यापर्यंत तयार नव्हते. आता तयार आहेत, पण पुढच्या तुकडीसाठी. त्यामुळे मावशींच्या पहिल्या तुकडीत माझे नाव दाखल करावे, ही कळकळीची विनंती. गल्ल्यावर तीन दिवस पत्नी बसेल. तिने स्वतःहून हो म्हटले आहे.

१२. आपल्याकडे शिकविणारे बरेच असतील. माझ्यासाठी कृपया बदल करू नये. शिकवायला त्याच असाव्यात. मला नापास करावेसे त्यांना वाटले तर मालक म्हणून सूट देऊ नये. मी पुन्हा बसेन.

आपला, आणि एक तारखेपासून त्यांचाही विद्यार्थी,

(सही)
मालक, बसथांब्यासमोरचे भोजनगृह
दिनांक : पत्र मिळाल्यापासून सहावा दिवस

सोबत :
१. ना हरकत पत्र, सही करून.
२. माझा प्रवेश फॉर्म, दोन फोटोंसह. मी भरला, मावशींनी तपासला.