सरपंच मीच होतो

३ जानेवारी २०२५

सबाला पुरस्कार! जिनिव्हाच्या कुठल्याशा संस्थेचा! आमच्या गावातलं दुकान बंद पडलं तरी तालुक्याला जाफराबादेत कळत नाही, आणि हिची बातमी थेट जिनिव्हात? कशाबद्दल, तर पोरींच्या कॉलेजसाठी सकाळची एसटी सुरू केली म्हणून. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं म्हणून मीच बायकोला उभं केलं. प्रचार माझा. ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसतो मी. लोक मलाच सरपंचसाहेब म्हणतात. डेपोत ती अकरा वेळा गेली, खरंय. पण मोटारसायकल कुणी चालवली?

अजून नक्की नाही म्हणा. पुण्याहून त्यांची बाई चौकशीला येणार आहे.

४ जानेवारी

जळतोय मी. दुसरं काही नाही.

१० जानेवारी

जुम्म्याच्या नमाजनंतर मुद्दाम विषय काढला — बक्षीस घ्यायला बाईमाणसानं एकटीनं परदेशी जावं का? वाटलं, मौलाना आडवे येतील. ते म्हणाले, "हाशिम, कुराणात सबा नावाच्या मुल्काच्या राणीचा किस्सा हाय. बडी अकलमंद होती. तुला कशाची फिकीर लागली?" सगळे हसले! एकटे सिराजोद्दीन चाचा माझ्या बाजूनं — "बाहेरवाले बक्षीस कशाला देऊन राह्यले? आपल्या मर्दांना नावं ठेवायला!"

घरी सबाला हेच ऐकवलं. ती भाकरी थापत होती. "एसटी आली ना? मंग काय म्हणायचं ते म्हणू दे."

१६ जानेवारी

पुण्याच्या अर्पिता मॅडम आल्या. सबा बैठकीला जालन्याला गेलेली. कारभार कोण बघतं, विचारलं. तोंडातून गेलं — "मीच. सही कुठं करायची तेसुद्धा मीच सांगतो तिला." त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, सकाळची एसटी किती वाजता येते? म्हटलं, सात-साडेसात. दारातल्या पोरी फिस्सकन हसल्या. सहा चाळीसला येते म्हणे!

खोटं बोललो. सहा महिन्यांत एकही कागद तिनं मला विचारून केलेला नाही. पण पुरस्कार आता गेला! बरं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही.

२ फेब्रुवारी

पत्र आलं. पुरस्कार नक्की. त्यात लिहिलंय — "पतीच्या विरोधाला तोंड देत केलेल्या कामाबद्दल."

सबानं माझ्या अम्मीला अख्खं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तेवढी ओळ गाळली.