विमानातलं वजन

अहो,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना?

काल आपल्या मास्तरीण नातीने मला तिच्या वर्गात बसवलं. फळ्यावर विमान काढून बाण मारले. वजन खाली ओढतं, पंख वर उचलून धरतात, म्हणाली.

मी म्हटलं, "म्हणूनच येताना मी पाय उचलून बसले. विमानाला तेवढाच भार कमी!"

पोरं खो खो हसली. नात म्हणाली, "अगं आजी, पायांचा भार खुर्चीवर आला. विमानाला काय फरक?"

मग पंखांनी मला पेललं, तर तुम्ही काय, काडीपैलवान!

तुम्ही विमानाला भिता, हे तिने ओळखलंय हो. आजोबा निघतो म्हणाले की मगच माझ्या लग्नाची तारीख धरीन, म्हणते.

तुमचीच,
वाट बघणारी