मनोऱ्याच्या पायथ्याशी राहायला जाताना

मी, अवीस, थर्स्टन गवंड्याची विधवा, राहणार एल्डरफेन, अंगाने धडधाकट आणि डोक्याने शाबूत असताना, कोणाच्या धाकाने वा कोणाच्या भरीला पडून नव्हे, हे मृत्युपत्र सांगते आहे आणि आमचे पाद्री फादर ओस्बर्ट ते लिहून घेत आहेत. मरण जवळ आले म्हणून नव्हे. उद्या चर्चच्या मनोऱ्याला चिकटून बांधलेल्या खोलीत मी जन्मभर प्रार्थनेसाठी जाईन, माझ्यावर अंत्यविधीच्या प्रार्थना म्हटल्या जातील आणि मागे दार दगडांनी बुजवले जाईल; अन्नपाणी तेवढे झरोक्यातून येईल. उद्यापासून जगाच्या लेखी मी मेलेली. म्हणून जे आहे त्याची वाटणी आजच.

घर आणि मागचा भाजीचा वाफा माझी मुलगी मेबल हिला. तिचे दिवस भरत आले आहेत. छपराचे गवत थंडीआधी बदलावे. जावई ‘उद्या बघू’ पंथाचा आहे, त्याच्या मागे लागावे लागेल.

तांब्याचे मोठे पातेले सबीना पास्क हिला. मेबलच्या लग्नात तिने ते नेले आणि परत आणलेच नाही. आता रीतसर देते, म्हणजे तिच्या माथी चोरीचे पाप नको.

थर्स्टनचे हातोडे, छिन्न्या, थाप्या आणि गुण्या त्याच्या जोडीला काम केलेला वॉल्टर गवंडी याला. ओळंबा, भिंत कलली की दाखवणारी वजनाची दोरी, मात्र कोणालाच नाही. तो मी आत नेणार आहे.

त्याचे कारण लिहून ठेवा, फादर. आमचा मनोरा आजोबा-पणजोबांच्या जाड, गोल कमानींच्या भिंतीवर उभा आहे आणि ती भिंत दलदलीवर. नैर्ऋत्येच्या कोपऱ्याला तडा गेला तेव्हा थर्स्टनने त्यावर आडव्या चुन्याच्या पट्ट्या मारल्या. पट्टी फुटली की समजायचे, भिंत हलते आहे. सगळ्या फुटल्या. सबीनाचा नवरा हॅमो, जो चर्चचा कारभार पाहतो, त्याने सणाआधी त्यांवर सफेदी मारून घेतली. शेजारच्या क्रॅन्सबीचा मनोरा आपल्यापेक्षा उंच, हे त्याला झोपू देत नाही. त्याला वर आणखी एक मजला हवा आणि त्यात मोठी घंटा. घंटा ओतून तयारही झाली.

थर्स्टन गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. जाताना म्हणाला, “अवीस, वर एक दगड चढवू देऊ नकोस. आधी खाली खण, ओकचे खांब ठोक, बाहेरून टेकूला धिरा बांध.” मी घरोघर सांगितले. हॅमो म्हणाला, “गवंड्याच्या बायकोला मनोरा कळतो, मग पाद्र्याच्या गाढवाला बायबल का नाही?” सगळे हसले. बाप्तिस्म्याचे दगडी कुंड त्याच मनोऱ्याखाली आहे. माझे नातवंड तिथेच न्यायचे. मला हसू आले नाही.

मग मी बिशपांकडे गेले आणि ही खोली मागितली, त्याच तडा गेलेल्या कोपऱ्यात. परवान्यात लिहिले आहे की आत बसलेल्या बाईच्या जिवाला धोका होईल असे बांधकाम जो करील, तो धर्माबाहेर. मी देवाला फसवत नाही. प्रार्थना करीनच, आणि ओळंब्याकडेही बघत राहीन. तो सरकला तर हातघंटी वाजवीन. तेव्हा सर्वांनी बाहेर पळावे. मला भीती वाटते, हेही लिहा.

शिल्लक पैसा ओकच्या खांबांसाठी. मी मेल्यावर बंदी उठेल, तेव्हा माझ्या हयातीत पाया उरका.

वॉल्टरने दार पक्के बुजवावे. माझी दया येऊन एखादा दगड सैल ठेवू नये. मनोरा पडलाच, तर मला शोधत बसू नका. तेच दगड पायाभरणीत घाला, या वेळी खोल.

हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवले. मेबल रडत होती. हॅमोचा चेहरा उतरला.

तो म्हणाला, “अगं, एवढं टोकाला जायची गरज काय? घंटा कोठारात राहील, मजला नको. सगळ्यांदेखत शब्द देतो. तू घरी जा, लेकीचं बाळंतपण कर.”

मेबलने माझा हात घट्ट धरला.

मी म्हटले, “हॅमो, तुझा शब्द मी ओळखते. पुढच्या सुगीपर्यंत टिकतो. फुली मार.”

साक्षीदार:
फादर ओस्बर्ट, सही.
वॉल्टर गवंडी, त्याची खूण.
हॅमो पास्क, फुली. पहिली वाकडी आली, म्हणून पुन्हा काढली.

मृत्युपत्र करणारी अवीस, तिची फुली.

एल्डरफेन, संत ल्यूकच्या सणाचा आदला दिवस, सन १३८७. दार उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर बुजवायचे.