सेलूची जिनिंग कुणामुळं पेटली

अण्णा, परवा पोखर्णीला आपल्या धाकट्याच्या पोराचं जावळ होतं. नरसिंहाचं दर्शन झालं, पंगत बसली, आणि तुमची बहीण हातात वरणाची बादली घेऊन घरातल्या नव्या सुनांना माझी ओळख करून द्यायला लागली. "ही आमच्या दादाची थोरली. पुण्यात इंजिनेर हाय. सेलूची जिनिंग पेटली व्हती न्हाई का, ती हिच्यामुळंच!" सगळी पंगत हसली. आत्याच्या पोटात पाप नाही, तिला हे कौतुकच वाटतं. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही सुटलात, आणि मी अजून वरणभातासोबत हे गिळते. म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले. जिवंत होतात तेव्हा तुमच्यासमोर बोलायची सोय कुठं होती!

मला हे काम तुम्हीच शिकवलं, ते मी नाकारत नाही. स्टेशन रोडवरच्या दुकानात पुढं टीव्ही दुरुस्ती आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत तुमचं खरं वेड, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी मशीन बनवायचं. कापसाच्या गंजीजवळ, कापूस वाहून नेणाऱ्या पट्ट्याजवळ, जिथं जिथं ठिणगीचं भय तिथं उष्णता मोजणारे सेन्सर. ते एका तारेवरून पाळीपाळीनं आपला आकडा पाठवणार, आणि मधली चिप तो बघून भोंगा वाजवणार, पट्टा थांबवणार. तारेवरून अक्षर एकामागून एक जिथं येतं, त्याला सिरीयल पोर्ट म्हणतात, हे मला कॉलेजात कळायच्या आधी तुम्ही सांगितलं होतं. आणि इंटरप्ट, म्हणजे अक्षर आलं की चिपनं हातातलं काम थांबवून ते उचलायचं, हे तर तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात शिकवलंत. आई भाकरी थापत होती. तुम्ही म्हणालात, "हे बग, ही सारकं दारात जाऊन कोन आलं का बगत बसली तर भाकरी कवा करंल? म्हनून दार वाजलं तरच उठायचं. आलेलं घ्यायचं, कोनाड्यात ठिवायचं, का लगेच माघारी तव्यापाशी. दारात गप्पा हानायच्या न्हाईत." आई म्हणाली, "मला कोन गप्पा हानू देतंय!" आणि तुम्ही खो खो हसलात. तसं हसताना तुम्ही मला फार आवडायचात.

मग सेलूच्या जिनिंगचे शेठ मशीन बघायला आले तो दिवस. प्रोग्रॅम माझा, सगळा माझ्या हातचा. शेठला केबिनमध्ये लाल आकड्यांची पाटी हवी होती, सेन्सरनं आकडा पाठवला की त्याच क्षणी दिसणारी. ती पाटी लय मंद, आकडा लिहून होईपर्यंत चिपला ताटकळत ठेवायची. तुम्ही शेठसमोर माझ्या हातातून कीबोर्ड ओढलात आणि पाटीवर लिहायचं काम थेट इंटरप्टमध्येच घातलंत. मी हळूच म्हणाले, "अण्णा, तितं नका घालू. अक्षरं गळतील." आलेलं अक्षर ठेवायला त्या चिपमध्ये जागा एकाचीच, ते उचलायच्या आत दुसरं आलं की एक गेलंच. हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्हीच तर शिकवलेलं! पण शेठ बघत होते. "मला शिकवायलीस का?" म्हणालात. टेबलावर एकच सेन्सर जोडलेला, सगळं झकास चाललं. शेठनं मान डोलावली आणि माझं तोंड बंद झालं.

सेलूत मात्र सेन्सरची रांग होती. एकाचं बोलणं संपतं न संपतं तोच दुसरा सुरू. चिप पाटी रंगवत बसली की मागची अक्षरं गळायची, अर्धवट आलेला निरोप प्रोग्रॅम टाकून द्यायचा, आणि टाकून दिलेला कुणाला दिसतो? एका दुपारी गंजीजवळचा सेन्सर ओरडून ओरडून दमला असेल, भोंगा वाजलाच नाही. आपण पोचलो तेव्हा आवारात काळं पाणी साचलं होतं, भिजलेल्या जळक्या कापसाचा वास घशात बसत होता. सरकी भरणाऱ्या एका बाईच्या दोन्ही हातांना ओली फडकी गुंडाळलेली. ती रडत नव्हती, नुसती हातांकडं बघत होती. शेठनं विचारलं, "हे लिव्हलं कोनी?" आणि तुम्ही, अण्णा, माझ्याकडं न बघता म्हणालात, "पोरीनं. पोरीच्या हातात दिलं, तितंच चुकलं माझं."

त्या बाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. बाकी सगळ्यांचं मी विसरेन, तिचं बघणं नाही विसरत. परतीच्या गाडीची वाट बघताना सेलू स्टेशनवर तुम्ही मला चहा घेऊन दिलात, "खारी खातीस का?" असं दोनदा विचारलंत. इतकं गोड तुम्ही एरवी कधी विचारत नव्हतात. मला वाटलं, आता बोलाल. गाडीत वाटलं, घरी बोलाल. दुसऱ्या दिवशी तुम्ही मागच्या खोलीत बसलात, पाटीचं काम इंटरप्टमधून काढून बाहेर नेलंत, तार जोडून बघितलीत आणि उठलात. मी दारात उभी होते. तुम्ही माझ्या अंगावरून गेलात. म्हणजे तुम्हाला नेमकं ठाऊक होतं! पुढच्या आठवड्यात माझ्या खुर्चीवर धाकटा बसला, ज्याला प्लस-मायनस उलटं जोडायची सवय होती. "तू आता हितं नको बसू, लोक नावं ठिवायलेत," म्हणालात. नावं ठेवायला लोकांना दिलं कुणी?

मी पुण्याला गेले, पोट भरलं, नाव कमावलं. आज माझ्या हाताखालची माणसं इंटरप्टमध्ये एक ओळ जास्त लिहिताना घाबरतात, इतकी मी खाष्ट झाले आहे. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला बोलावून घेतलंत, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलंत. मी खुर्ची खाटेजवळ ओढली. तुम्ही छताकडं बघत विचारलंत, "पुन्यात नळाला रोज पानी येतंय का?" येतं, मी म्हणाले. वा रे बाप! एवढ्यासाठी रातोरात बोलावलंत?

एकट्यात, नुसतं माझ्यापुरतं म्हणाला असतात ना, "पोरी, चूक माझी व्हती," तर ती आग मी हसत जन्मभर अंगावर घेतली असती. शेठसमोर तुमची मान खाली जाऊ दिली नसती. पण तुम्ही मला तेवढंही दिलं नाहीत. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, आणि धाकट्याला तर दाखवायचंच नाही. त्यानं भिंतीवरच्या तुमच्या फोटोला नवा हार आणलाय.

एक मात्र सांगते. परवा आत्याला मी म्हणाले, "व्हय, मीच ती," आणि पंगतीसोबत हसले. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तिला वाटलं लेकीनं बापाची अब्रू राखली. तसं काही नव्हतं अण्णा. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण सांगितलं तरी कुणाला खरं वाटणार नाही, आईलाही नाही, या भीतीनं मी ते मिटलं.