उजव्या हाताची करंगळी

४ फेब्रुवारी
करंगळी आज पुन्हा आत वळली. उजव्या हाताची. दुसऱ्या पानावर, धावत्या स्वरांच्या ऐन मध्यात. थांबले, हात झटकला, पुन्हा वाजवलं — पुन्हा तेच. दुखत नाही, खुपत नाही, नुसती ऐकत नाही. पियानो आणि वाद्यवृंदासाठी मीच लिहिलेला कॉन्सर्टो, मीच वाजवायचा, आणि सात आठवडे उरलेत!

६ फेब्रुवारी
ह्यांना काही बोलले नाही. चहा डाव्या हाताने ओतला तर म्हणाले, आज डावखुरी झालीस की काय.

११ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बटणं लावायला लावली, सही करायला लावली, टेबलावर बोटं आपटायला लावली. हात ठणठणीत आहे म्हणाले. बिघाड वर, मेंदूत. एकाच तऱ्हेची हालचाल चाळीस वर्षं केली की कधीकधी मेंदूला दोन बोटं वेगळी ओळखू येईनाशी होतात. आणि हे एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं मुरत असतं. विचारलं, सहा आठवड्यांत बरं होईल? ते चष्मा पुसत बसले. कळलं.

१२ फेब्रुवारी
वाजवलं नाही. कपाट आवरलं.

१५ फेब्रुवारी
वाद्यवृंदाच्या कंडक्टरांना फोन केला. (सासूबाई शेवटपर्यंत त्यांना बसचे कंडक्टर समजत आणि मुद्दाम सुटे पैसे आहेत का विचारत.) म्हटलं, यंदा मला श्रोत्यांत बसून ऐकायचंय, वाजवू द्या दुसऱ्या कुणाला. खोटं इतकं सफाईदार निघालं की माझं मलाच कौतुक वाटलं. ते म्हणाले, एवढ्या दिवसांत हे बसवेल अशी एकच आहे — तुमचीच विद्यार्थिनी.
टाचणी.

१६ फेब्रुवारी
हे नाव मीच ठेवलेलं. काडीसारखी होती आणि बोलणं टोचायचं. सहा वर्षं शिकली माझ्याकडे. बारा वर्षांपूर्वी, शेवटच्या परीक्षेनंतर, सगळ्या वर्गासमोर मी तिला सांगितलं की तुझा हात साथीचा आहे, एकटीने मंचावर बसायचा नाही. परत आली नाही. आता तिच्या मैफलींना तिकिटं मिळत नाहीत. मी एकाही मैफलीला गेले नाही. दर वेळी नेमकी सर्दी व्हायची मला.
चार वेळा फोन उचलून ठेवला. पाचव्यांदा लावला. श्रोत्यांत बसण्याचं तेच कारण तिलाही सांगितलं; तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बाई, मला फक्त साथ जमते. तुम्हीच म्हणाला होतात."
"चुकलं माझं."
एवढंसं बोलायला बारा वर्षं लागली. वाजवते म्हणाली ती, पण अट घातली — तालमींना यायचं नाही. एकाही. कबूल केलं. न करून सांगते कुणाला!

१ मार्च
ह्यांना आज सांगितलं. त्यांना अंदाज होताच. महिनाभर त्याच पानावर अडतेस, भिंतीपलीकडून ऐकू येतं म्हणाले. मग माझ्यासाठी अंगावर घ्यायची शाल शोधत बसले, जशी काही मला थंडी वाजत होती.

९ मार्च
आजपासून तालमी. मी घरी. कपडे वाळत घातले, दोनदा घड्या केल्या, मग शेजारणीचेही काढून आणले. ती घाबरली बिचारी.

२६ मार्च
काल झाला कार्यक्रम. बारावी रांग, भिंतीकडची खुर्ची. पहिली दहा मिनिटं मी तिच्या चुका शोधत होते. सापडेनात, म्हणून चिडले. मग संथ भाग सुरू झाला. शेजारच्या गृहस्थांना खोकला येत होता, त्यांनी तो तोंडावर रुमाल दाबून आतच ठेवला, लालबुंद होईपर्यंत. आणि मी हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत होते. स्वतःचं संगीत असं कधी ऐकलंच नव्हतं. वाजवताना पुढचं पान दिसत असतं.
नंतर आत गेले. ती बुटांचे बंद सोडत होती. छान वाजवलंस, म्हटलं. तेवढंच. कौतुकात मी पहिल्यापासून चिक्कू. तिने कॉन्सर्टोची प्रत उघडली, पानं मागेपुढे केली.
"बाई, दुसरं पान सोडलं तर उजव्या करंगळीला तुम्ही सबंध कॉन्सर्टोत कुठेच काम दिलेलं नाही. कधीपासून चालत नाही ती?"
तिला कुणी सांगितलं नव्हतं. पानांवरूनच कळलं होतं. मी तिथल्या स्टुलावर बसले. काही महिने झाले, म्हटलं. तिने मान हलवली. "नाही बाई. जुनं आहे."

२७ मार्च
सगळ्या जुन्या प्रती खाली काढल्या. टाचणीचं बरोबर. नऊ वर्षांमागे एका तुकड्यात, एरवी उजव्या करंगळीकडे असायचा तो मुख्य सूर पहिल्यांदा डाव्या हाताकडे जातो. त्यानंतरच्या प्रत्येक रचनेत तो तिकडेच राहतो. समीक्षकांनी माझ्या प्रौढ शैलीतला गडद, खोल स्वर म्हणून त्याची वाखाणणी केली होती. मुलाखतींत मीही त्यावर वयाचं, मौनाचं केवढं तत्त्वज्ञान झाडलं! करंगळी होती ती.

३ एप्रिल
सकाळपासून नव्या रचनेची सात पानं झाली. पियानो उघडला नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावरच लिहिली. उजव्या हाताला, करंगळीसकट, दम लागेल इतकं काम आहे. यातली एक ओळही मला वाजवता येणार नाही.