राहत्या घराचा सोपा आराखड्यातून वगळणेबाबत

दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बंद फाउंड्री जागा पुनर्विकास कक्ष,
कोल्हापूर.

विषय : माझ्या सोप्याची ‘सार्वजनिक बैठक’ अशी झालेली नोंद रद्द होणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यावर झालेल्या दोन पाहण्या.

महोदय,

सविनय कळवितो की, मी सदर फाउंड्रीत एकतीस वर्षे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कामगार, होतो. तिच्या कंपाउंडला लागून माझे स्वतःच्या नावावरचे दोन खोल्यांचे घर आहे. आत स्वयंपाकघर, पुढे सोपा, म्हणजे दर्शनी खोली. सोप्यात मी व पत्नी सौ. निर्मला झोपतो.

१) गेल्या मे महिन्यात आपले वास्तुरचनाकार श्री. यशराज तेरा माणसे घेऊन मोजणीस आले. आवारात एक झाड नाही, फाउंड्रीची काळी वाळू तापलेली. उन्हात उभ्या माणसांना ‘आत या’ म्हटले, ही आमची चूक. अकरा दिवस ते दुपारचे सोप्यात बसले, चहापाणी झाले. पुढे आराखडा लागला, तेव्हा सोप्यावर हिरवा गोल निघाला : ‘नागरिकांची पारंपरिक बैठक, जतन करावी. रोजचा वापर चौदा व्यक्ती.’ ते चौदाजण म्हणजे मोजणीवालेच होते.

२) पहिल्या अर्जावर पाच साहेब पाहणीस आले. साहेब आले म्हणून सगळी गल्ली जमली. पत्नीने सर्वांना चहा दिला. अहवालात वापर छत्तीसवर गेला.

३) दुसऱ्या पाहणीआधी मी पत्नीस बजावले होते. तिचे उत्तर जसेच्या तसे देतो : “पावणं दारात आल्यावर च्या न्हाय म्हणायचं व्हय? तोंड कुठं दाखवायचं मग?” आणि आधण ठेवले. अहवालात ‘आदरातिथ्याची जिवंत परंपरा’ असा शेरा वाढला. आता पुढची भिंत काढून फाउंड्रीच्या जागेवर होणारी बाग सोप्यापर्यंत आणणार व पलंगाच्या जागी बाक बसवणार, असे समजते.

४) कक्षाबाहेर लावलेल्या रंगीत चित्रात एक बाई ट्रे घेऊन उभी आहे. ती माझी पत्नी आहे, साडीसुद्धा तिचीच. मी चित्रात कुठेच नाही.

बागेला माझा विरोध नाही. ती वाळू माझ्या छातीत बसली आहे, निदान जमिनीतून तरी निघू दे. परंतु संध्याकाळी नागरिक उठून गेल्यावर आम्ही दोघांनी कुठे पाठ टेकायची, हे आराखड्यात नमूद नाही. मला भीती वाटते, हे लपवत नाही.

तरी आपण स्वतः एकदा पाहणीस यावे. एकट्यानेच यावे. आणि कृपा करून उंबऱ्याबाहेरूनच ‘चहा नको’ म्हणावे. आमच्याच्याने ते होत नाही, साहेब.

आपला नम्र व आपल्याच घरात राहू इच्छिणारा,
(सही)
बाळासो भरमाप्पा मगदूम

सोबत : घराचा उतारा, दोन्ही पाहणी अहवाल, रंगीत चित्राचा फोटो.